कार्ब्युरेटर : उदय व अस्त

मोटारीचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा वेगाचा इतिहास लिहितात. कोणत्या सालीं कोणत्या गाडीनें ताशीं किती मैलांची मजल मारली, कोणती शर्यत कोणीं जिंकली, याच्या नोंदी त्यांत विपुल सांपडतात. परंतु मोटार ज्यांच्या नित्य व्यवहारांत आली त्या सामान्य कुटुंबांचें सुखदुःख वेगावर फारसें अवलंबून नव्हतें. सकाळीं गाडी पहिल्या प्रयत्नास सुरू व्हावी, चौकांत पोलिसानें हात दाखविला असतां ती बंद पडूं नये, हात खालीं येतांच गचका न देतां पुढें सरकावी, बाजाराच्या गर्दींत हातगाडीच्या मागून तिनें मुकाट्यानें चालावें, एवढीच त्यांची अपेक्षा होती. अपेक्षा लहान दिसते. पण ती पुरी करण्यासाठीं यंत्रज्ञांच्या दोन-तीन पिढ्या खर्चीं पडल्या. हा सारा भार ज्या एका उपकरणानें वाहिला, त्याचें नांव कार्ब्युरेटर. नव्या मोटारींतून तो आतां नाहींसा झाला आहे. ज्याचें कार्य संपलें त्याचें चरित्र निःपक्षपातानें लिहितां येतें. म्हणून तें येथें थोडक्यांत सांगावयाचें योजिलें आहे.

पेट्रोल पेटतें ही समजूत अर्धीच खरी. पेटते ती त्याची वाफ, आणि तीहि हवेशीं योग्य प्रमाणांत मिसळली तरच. एक भाग पेट्रोल पुरतेपणीं जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. म्हणजे एका लिटरला सुमारें नऊ हजार लिटर. इंजिनाकडून अधिकांत अधिक जोर हवा असेल तर हवा थोडी कमी, सुमारें साडेबारा भाग, द्यावी लागते. काटकसर साधावयाची असेल तर थोडी अधिक, सुमारें सोळा भाग. थंड इंजिनाला दाट मिश्रण लागतें, तापलेल्याला विरळ चालतें. जागच्या जागीं मंद फिरतांना दाट, सपाट रस्त्यावर एका चालीनें जातांना विरळ, आणि एकदम वेग घेतांना पुन्हां दाट. ही बदलती मागणी क्षणोक्षणीं ओळखून पुरविणें हें कार्ब्युरेटरचें काम. आणि तें त्यानें करावयाचें कशाच्या बळावर, तर केवळ इंजिनाच्या श्वासाच्या बळावर. त्याला ना डोळे, ना मेंदू. कांहीं छिद्रें, एक झडप, एक तरंगता गोळा आणि दोन-चार स्क्रू एवढाच त्याचा संसार.

प्रारंभीं या उपकरणाची गरजच नव्हती. १८७६ सालीं निकोलाउस ऑटो यानें चार टप्प्यांचें जें इंजिन सिद्ध केलें तें दगडी कोळशाच्या वायूवर चालत असे. वायु मुळांतच वायु असल्यामुळें त्यास हवेंत मिसळण्याची अडचण नव्हती. पण दाव्यास बांधलेल्या बैलाप्रमाणें तें इंजिन शहराच्या गॅसनळास बांधलेलें असे. त्याला रस्त्यावर आणावयाचें तर इंधन बरोबर नेतां येईल असें, म्हणजे द्रवरूप, पाहिजे. आणि द्रवाचा वायु चालतां चालतां करतां आला पाहिजे. अमेरिकेंत सॅम्युएल मोरे यानें टर्पेंटाइनच्या वाफेवर चालणाऱ्या इंजिनाचें पेटंट १८२६ इतक्या पूर्वीं घेतलें होतें. परंतु तें बीज रुजलें नाहीं.

जर्मनींत कार्ल बेंझ यानें २९ जानेवारी १८८६ रोजीं आपल्या तीनचाकी गाडीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. तिच्यांतील रचना अगदीं बाळबोध होती. एका भांड्यांत लिग्रोइन नांवाचें हलकें इंधन ठेवलेलें असे; इंजिन हवा ओढी ती त्या द्रवाच्या संगतींतून येई व येतां येतां वाफ घेऊन येई. ओलें वस्त्र वाऱ्यावर वाळतें त्यांतलाच हा प्रकार. पण वाळत घातलेल्या वस्त्राचा जो दोष तोच येथेंहि होता : दमट, थंड दिवशीं वाफ कमी, उन्हांत अधिक, रस्त्याच्या खड्ड्यांत भांडें हिंदकळलें कीं प्रमाण बिघडलें. शिवाय इंधनांतील हलका अंश आधीं उडून जाई व जड अंश तळाशीं राही. त्यामुळें प्रवासाच्या आरंभीं उत्साहानें चालणारी गाडी शेवटीं शेवटीं आळसावत असे.

१८८८ च्या ऑगस्टमध्यें बेंझची पत्नी बर्टा हिनें नवऱ्यास न सांगतां दोन मुलांना बरोबर घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमपर्यंत सुमारें शंभर किलोमीटरांचा प्रवास याच जातीच्या गाडींतून केला. वाटेंत वीस्लोख गांवीं तिनें औषधांच्या दुकानांतून लिग्रोइन विकत घेतलें, आणि इंधनाची नळी तुंबली तेव्हां टोपीच्या लांब पिनेनें ती मोकळी केली असें सांगतात. मोटारीच्या इंधनमार्गाची निगा भर रस्त्यावर राखणारी पहिली ख्यातनाम व्यक्ति ही अशी एक गृहिणी होती, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यानें दिव्याच्या वातीप्रमाणें वातींतून इंधन वर चढवून त्यावरून हवा नेण्याची रीति काढली व ती आपल्या गाड्यांत कांहीं काळ यशस्वीपणें वापरली. परंतु खरा मार्ग निराळाच होता. द्रवाची वाफ होण्याची वाट पाहात बसण्यापेक्षां त्याचे बारीक तुषार करून ते हवेंत उधळावे, ही कल्पना पुढें आली. १८९३ च्या फेब्रुवारींत बुडापेस्टचे दोनात बांकी व यानोश चोंका यांनीं अशा फवाऱ्याच्या कार्ब्युरेटरसाठीं पेटंट मागितलें, आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें डाइमलरचा सहकारी विल्हेल्म मायबाख यानें फ्रान्समध्यें मागितलें. फुलें विकणारी एक मुलगी तोंडानें फुंकून फुलांवर पाणी शिंपडीत असतां बांकीनें पाहिली व त्यास ही युक्ति सुचली, अशी आख्यायिका हंगेरींत प्रचलित आहे. इंग्लंडांतील एडवर्ड बटलर यानें तर त्याहून कांहीं वर्षें आधीं आपल्या तीनचाकी गाडीसाठीं याच जातीची योजना केली होती. एकच विचार निरनिराळ्या देशांत थोड्या अंतरानें सुचावा हें शास्त्राच्या इतिहासांत नवें नाहीं. गरज पिकली कीं फळ अनेक फांद्यांवर दिसूं लागतें.

या युक्तीच्या मुळाशीं असलेला सिद्धांत पुष्कळ जुना आहे. वाहत्या पदार्थाचा वेग वाढला कीं त्याचा दाब घटतो, हें डॅनियल बर्नुली यानें १७३८ सालच्या ग्रंथांत मांडलें. आणि नळीचा गळा आवळला असतां काय घडतें याचे प्रयोग इटलीचा जोव्हानी बात्तिस्ता व्हेंचुरी यानें १७९७ सालीं प्रसिद्ध केले. कार्ब्युरेटरच्या आवळलेल्या गळ्यास आजहि व्हेंचुरीचेंच नांव आहे. गळ्यांतून हवा जोरानें गेली कीं तेथें दाब घटतो, शेजारच्या कुपींतील पेट्रोल सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे जेटमधून, वर ओढलें जातें व हवेंत उधळलें जातें. कुपींतील पातळी कायम राखण्यास घरच्या पाण्याच्या टाकींत असतो तसा तरंगता गोळा असतो. पेट्रोल वाढलें कीं तो वर येऊन तोटी बंद करतो.

येथपर्यंत सारें सोपें. अडचण पुढेंच आहे. जेटमधून येणारें पेट्रोल हवेच्या प्रमाणांत वाढत नाहीं. ओढ वाढली कीं गळ्यांतील हवा विरळ होत जाते, पेट्रोल मात्र जसेंच्या तसें दाट राहतें. म्हणून वेगांत मिश्रण अधिकाधिक दाट होतें. उलट ओढ अगदीं मंद झाली तर पेट्रोल छिद्राच्या तोंडाशींच चिकटून राहतें, वर येतच नाहीं. म्हणजे मोठ्या वेगाला जुळवावें तर गाडी चौकांत प्राण सोडते, आणि चौकाला जुळवावें तर मोकळ्या रस्त्यावर काळा धूर ओकते. कार्ब्युरेटरचा पुढला सारा इतिहास हा या एका पेंचाचा इतिहास आहे.

आरंभीं हा पेंच माणसाच्या गळ्यांत घातला गेला. चालकासमोर हवेची एक दांडी असे, ठिणगीची वेळ पुढेंमागें करण्यास दुसरी असे. गाडीची चाल पाहून तो दोहोंशीं सतत खेळत राही. १९०८ पासून १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडींतहि मिश्रण दाट-विरळ करण्याची मूठ चालकाच्या हाताशीं होती. चालकास 'शोफर' म्हणण्याचा प्रघात पडला तो यामुळेंच ध्यानीं येतो. त्या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टी तापविणारा असा आहे. गाडी हांकणें हें तेव्हां भट्टी सांभाळण्यासारखेंच कसबाचें काम होतें, आणि तें कसब विकत घेण्याची ऐपत असणाऱ्यांचीच मोटार होती. ती मध्यम स्थितींतल्या कुटुंबाच्या हातीं यावयाची तर हें कसब उपकरणांतच उतरविणें भाग होतें.

त्या दिशेनें तीन उत्तरें पुढें आलीं. पहिलें पॅरिसचें. पानार व लव्हासोर या कारखान्याचा प्रमुख आर्थर क्रेब्ज यानें १९०२ सालीं अशी योजना केली कीं, ओढ वाढतांच एक वेगळा दरवाजा आपोआप उघडावा व जादा हवा आंत येऊन मिश्रण विरळ करावें. हाच क्रेब्ज १८८४ सालीं 'ला फ्रान्स' नांवाचें विमानफुगें चालवून परत जागेवर आणण्याच्या पराक्रमांत सहभागी होता.

दुसरें उत्तर लिआँ येथील फ्रांस्वा बाव्हरे याचें. १९०६ सालचें हें पेटंट पुढें 'झेनिथ' या नांवानें जगभर गेलें. त्यानें दोषाला दोषानेंच मारलें. एक जेट नेहमींप्रमाणें, वेगाबरोबर मिश्रण दाट करणारा. दुसरा जेट उघड्या तोंडाच्या लहानशा विहिरींतून पेट्रोल घेणारा. त्या विहिरींत पेट्रोल ठराविक धारेनेंच येतें. इंजिनानें कितीहि ओढलें तरी त्याहून अधिक मिळत नाहीं, म्हणून वेगाबरोबर त्याचा वाटा विरळ होत जातो. एक वाढतो, दुसरा घटतो, बेरीज सम राहते. शिवाय गाडी मंद असतां विहीर भरून राहते, आणि चालकानें पाय दाबतांच तें सांचलेलें पेट्रोल त्या क्षणाची तहान भागवितें. साधेपणांत इतकी हुशारी क्वचितच आढळते.

तिसरें उत्तर लंडनच्या जॉर्ज हर्बर्ट स्किनर याचें. त्याच्या घराण्याचा धंदा पादत्राणांचा. त्यामुळें त्यानें १९०४-०५ च्या सुमारास योजिलेल्या कार्ब्युरेटरमध्यें चामड्याचा भाता असावा यांत नवल नाहीं. त्यानें गळाच लहानमोठा होणारा केला. इंजिनाची ओढ वाढली कीं भाता वर उचलला जाई, हवेची वाट रुंदावे, आणि त्याच्याशीं जोडलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकून पेट्रोलची वाटहि तितकीच मोकळी करी. पुढें भात्याच्या जागीं धातूचा दट्ट्या आला. 'एस. यू.' या नांवानें हा कार्ब्युरेटर प्रसिद्ध झाला. १९२६ सालीं विल्यम मॉरिस यानें ती कंपनी विकत घेतली, आणि इंग्रजी गाड्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या.

यानंतरची प्रगति म्हणजे शहरी रस्त्याच्या एकेका प्रसंगासाठीं एकेक छिद्र, असेंच म्हणावें लागेल. चौकांत उभें राहण्यासाठीं मंदगतीचा निराळा जेट. सकाळच्या थंडीसाठीं हवा अडविणारा चोक. एकदम पाय दाबला असतां गचका बसूं नये म्हणून पेट्रोलची पिचकारी मारणारा लहान पंप. चढावासाठीं जादा जेट. बोलोन्याचा एदोआर्दो वेबर यानें १९२३ सालीं सुरू केलेल्या कारखान्यानें दोन गळ्यांचा कार्ब्युरेटर रूढ केला; लहान गळा नित्याच्या संथ चालीसाठीं, मोठा फक्त गरजेच्या वेळीं उघडणारा. १९४५ च्या मे महिन्यांत, युद्ध संपतां संपतां, वेबर नाहींसा झाला तो पुन्हां कोणास दिसला नाहीं. त्याचें नांव मात्र शर्यतीच्या गाड्यांवर झळकत राहिलें.

उपकरण कितीहि शहाणें झालें तरी तें जुळविण्याचें काम माणसाकडेच राहिलें, आणि त्यांतून गॅरेजमधील मिस्त्रीची एक स्वतंत्र विद्या निर्माण झाली. तिचा पहिला नियम असा कीं कार्ब्युरेटरला हात सर्वांत शेवटीं लावावा. प्लगांतील फट, ठिणगीची वेळ, झडपांची मोकळीक हें सारें आधीं नीट असावें, इंजिन पुरतें तापलेलें असावें; नाहींतर दोष एकाचा व शिक्षा दुसऱ्याला असें होतें. मग दोन स्क्रूंशीं गांठ. एक इंजिनाची मंद गति ठरवितो, दुसरा त्या गतीचें मिश्रण. दुसरा स्क्रू अर्ध्या-पाव फेऱ्यानें फिरवीत जावें. मिश्रण विरळ झालें कीं इंजिन अडखळतें, फार दाट झालें कीं आवाज जड होऊन तें घुसमटतें. दोहोंमधील ज्या जागीं तें सर्वांत सुरळीत व वेगानें फिरतें ती जागा धरावी, आणि पहिल्या स्क्रूनें गति पुन्हां खालीं आणावी. एस. यू. ची परीक्षा तर फारच सुबक. त्याचा दट्ट्या अगदीं किंचित् उचलावा. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण दाट, इंजिन खचलें तर विरळ, आणि क्षणभर वाढून पूर्ववत् झालें तर बरोबर. दोन कार्ब्युरेटर असतील तर कानाशीं रबराची नळी लावून दोहोंचा फूत्कार सारखा येईतों झडपा जुळवावयाच्या. वीणेच्या खुंट्या पिळणाऱ्यालाहि याहून वेगळें काय करावें लागतें?

आपल्या देशांत या विद्येस हवापाण्याचे निराळे धडे घ्यावे लागले. मुंबईस जुळविलेला कार्ब्युरेटर महाबळेश्वरीं थोडा दाट वाटे. कारण तेथें हवेची घनता आठव्या हिश्श्याच्या आसपास घटते, पेट्रोल तेवढें घटत नाहीं. वैशाखांतील घाटांत तर पेट्रोल नळींतच उकळून वाफेचे बुडबुडे मार्ग अडवीत. अशा वेळीं ॲम्बॅसॅडर किंवा फियाट गाडीच्या पेट्रोलपंपावर ओलें फडकें गुंडाळून कुटुंबाचें कुटुंब झाडाच्या सावलींत वाट पाहात बसे, हा देखावा एका पिढीच्या चांगला परिचयाचा आहे.

आतां या विद्येच्या मर्माकडे यावयाचें. गाडी चांगली जुळली कीं नाहीं हें ठरविणारा न्यायाधीश कोण? मिस्त्रीचा कान आणि मालकाचें आसन. इंजिन थरथरत नाहीं, गचका देत नाहीं, यालाच सुरळीत चाल म्हणावयाचें. पण मंद गतींत इंजिन सर्वांत शांत फिरतें तें मिश्रण किंचित् दाट असतां. आणि दाट मिश्रणांत हवा अपुरी पडल्यामुळें पेट्रोलचा कांहीं अंश अर्धाच जळून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. तो कानाला ऐकूं येत नाहीं. म्हणजे आंत बसलेल्याला जी चाल सुखाची, तीच चौकांत उभ्या असलेल्या पोलिसाला, पदपथावरील भाजीवालीला व शाळेंतून परतणाऱ्या मुलाला बाधक. सुमारें सत्तर वर्षें या उपकरणाचा जो निवाडा झाला त्यांत गाडीबाहेरच्या माणसाची साक्षच कोणीं काढली नव्हती.

ती साक्ष काढली कॅलिफोर्नियांत. लॉस एंजलिस शहरावर डोळे झोंबविणारें जें धुकें पसरे त्याचें मूळ आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या एक-दोन वर्षांत शोधून काढलें : न जळलेलें इंधन व नायट्रोजनचे ऑक्साइड यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तें निर्माण होतें, आणि त्यांचा मोठा पुरवठा मोटारींकडून होतो. अमेरिकेच्या १९७० सालच्या कायद्यानें गाडीच्या धुरांतील घातक वायु शेंकडा ९० नीं घटविण्याचें बंधन घातलें. १९७५ पासून तेथील गाड्यांवर धूर शुद्ध करणारें कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसूं लागलें. तिन्ही घातक वायूंचा एकाच वेळीं परिहार करणारें त्याचें सुधारलेलें रूप मात्र एक कडक अट घालतें : मिश्रण १४.७ च्या अगदीं जवळ असलें पाहिजे, थोडें इकडे नाहीं, थोडें तिकडे नाहीं. धुरांतील प्राणवायु मोजून सेकंदास अनेक वेळां मिश्रण दुरुस्त करणारी रचना १९७७ सालच्या व्होल्व्हो गाडींत कॅलिफोर्नियासाठीं प्रथम आली. कार्ब्युरेटरनें कांहीं वर्षें नळ्यांचें व विजेच्या झडपांचें जाळें अंगावर वागवून तग धरला. पण तोलाचें इतकें सूक्ष्म काम त्याच्या प्रकृतीला मानवणारें नव्हतें. फोक्सवागनच्या गाड्यांत १९६७ पासून दिसूं लागलेलें विद्युन्नियंत्रित इंजेक्शन हळूहळू सर्वत्र पसरलें. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अमेरिकेंतील नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला. नॅस्कारच्या प्रमुख शर्यतींत तेवढा तो २०११ पर्यंत टिकला.

भारतांत हा क्रम थोडा मागाहून आला. १९८९ च्या मोटार नियमांनीं मंद गतींतील कार्बन मोनॉक्साइडला चारचाकींसाठीं शेंकडा ३ व दुचाकींसाठीं शेंकडा ४.५ अशी मर्यादा घातली. मिस्त्रीच्या कानाशेजारीं प्रथमच एक यंत्र येऊन बसलें. तपासणीपूर्वीं स्क्रू आंत फिरवावा व तपासणीनंतर पुन्हां बाहेर, ही चलाखी ऐकली नाहीं असा गाडीमालक विरळा. १९९५ सालीं चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर व शिसेविरहित पेट्रोल आवश्यक झालें, २००० सालीं शिशाचें पेट्रोल देशभर बंद झालें, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या नियमांनीं नव्या दुचाकींतूनहि कार्ब्युरेटरला निरोप दिला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींचा शेवट तर अर्थपूर्ण आहे. २००० नंतरच्या वर्षांत त्यांतील बहुतेक सीएनजीवर चालूं लागल्या. म्हणजे ऑटोचें जें इंजिन वायूवर जन्मलें तें वायूकडेच परत गेलें. त्यांपैकीं अखेरच्या टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरांत संपली.

लहान विमानें, जनित्रें, करवती व हौशी लोकांनीं जपलेल्या जुन्या गाड्या यांत कार्ब्युरेटर अद्याप आहे, आणि तो जुळविणारे हातहि थोडे आहेत. त्या हातांचें कौतुक अवश्य करावें. कान, बोट आणि अनुभव यांच्या बळावर त्यांनीं जें साधलें तें सामान्य नव्हे. परंतु त्यांच्या अस्ताबद्दल शोक करणाऱ्यानें एवढें स्मरावें कीं कार्ब्युरेटर हरला तो कसबांत नव्हे. संथ, सुरळीत चालीची जी व्याख्या त्याला घालून दिली होती ती त्यानें उत्तम प्रकारें पुरी केली. व्याख्याच अपुरी होती. यंत्राच्या गुणाची कसोटी ठरवितांना त्याच्या मालकाबरोबर त्याच्या शेजाऱ्यासहि विचारावें लागतें, हा धडा या पसाभर धातूच्या उपकरणानें शंभर वर्षांच्या सेवेनंतर मागें ठेवला आहे. आणि तो मोटारीपुरताच आहे असें नाहीं.